पद्मिनीला डिस्क ब्रेक बसवावेत का?

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्यांचे ब्रेक आणि सस्पेन्शन

१९७८ ची प्रीमिअर पद्मिनी आहे. ब्रेक पहिल्या दाबात खालपर्यंत जातो, दुसऱ्यांदा दाबला की वर लागतो. गॅरेजवाले म्हणतात, पुढे एखाद्या मारुतीचे डिस्क टाका, कटकट मिटेल. टाकावेत का? – एक वाचक, मिरज

आत्ता नको. तुम्ही सांगितलेले लक्षण ड्रम ब्रेक कमी पडतात याचे नाही, शू (लायनिंग म्हणजे घासणारा थर लावलेली, ड्रमला आतून भिडणारी कमान) आणि ड्रममधली फट वाढली आहे याचे आहे. पहिल्या दाबातले ऑइल ती फट भरण्यातच खर्च होते, दुसऱ्या दाबाला शू ड्रमला भिडतात. डिस्क लावले तरी मागचे ड्रम तसेच राहणार, आणि मागची फट पेडल तसेच खाली नेणार. खर्च होईल आणि तक्रार अर्धीअधिक कायम राहील.

पेडल काय सांगते ते आधी समजून घ्या. दुसऱ्या दाबाला वर येते : शूची फट. दाबून धरल्यावर पायाखाली हळूहळू खचते : मास्टर सिलिंडरचे (पेडलने दाबला जाऊन ऑइल लाइनीत ढकलणारा सिलिंडर) रबर आतून पास होते आहे, म्हणजे ऑइल अडवत नाही, किंवा कुठेतरी बाहेर गळती आहे. स्पंजासारखे लागते : लाइनीत हवा, किंवा फुगलेले जुने रबरी होज. दगडासारखे घट्ट, पण गाडी थांबत नाही : लायनिंग काचेसारखे गुळगुळीत झाले आहे, त्यावर तेल गेले आहे किंवा ते ड्रमला पूर्ण टेकत नाही.

आता काम. गाडी सपाट जागी घ्या, उरलेल्या चाकांना ठोकळे लावा, जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड द्या आणि चारही ड्रम काढा. धूळ हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके फेकून द्या. रिव्हेटच्या डोक्यावर १ मिमीपेक्षा कमी लायनिंग उरले असेल तर बदलाच. मागच्या लायनिंगवर काळे चिकट तेल दिसले तर ते ॲक्सलच्या सीलमधून आले आहे. सील बदला, शूही बदला. तेल प्यायलेले लायनिंग पेट्रोलने धुवून कोरडे दिसते, पण गरम झाले की आतले तेल पुन्हा वर येते. सील वारंवार जात असेल तर डिफरन्शिअलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जाण्याची वाट) चोंदला आहे का आणि आत तेल जास्त भरले आहे का, हे पाहा.

ड्रम लेथवर टर्न करायचा असेल तर एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला आणा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. किती कातायचे याला मर्यादा असते. ती ड्रमवर किंवा पुस्तिकेत असते. त्यापलीकडे गेलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि दाबाखाली फाकतो. आणि इथेच बहुतेक ठिकाणी काम अर्धवट सोडले जाते. ड्रमचा व्यास वाढला, पण नव्या लायनिंगची गोलाई मूळ व्यासाची आहे. त्यामुळे शू फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोके अधांतरी राहतात. तपासायची रीत सोपी आहे. ड्रमच्या आत खडूचे पट्टे ओढा, शूवर ड्रम बसवून हाताने थोडा फिरवा, काढा आणि लायनिंग पाहा. खडू मधल्या तीन बोटांवरच उमटला असेल तर लायनिंग ड्रमच्या गोलाईला घासून घ्यायला सांगा. टोकापासून टोकापर्यंत खडू उमटू लागला की तेच ड्रम ब्रेक वेगळे वाटू लागतात. 'पद्मिनीचे ब्रेक असेच असतात' म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी गाड्यांत एवढेच करायचे राहिलेले असते.

व्हील सिलिंडरची (चाकापाशी शू ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरे मागे दुमडून पाहा. आत ओल असेल तर किट (नव्या रबरांचा संच) टाका. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखाला लागतील असे खड्डे असतील तर नुसते किट महिनाभर टिकेल. सिलिंडर नवा घ्या किंवा मूळ मापाची स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. सगळे जोडल्यावर प्रत्येक चाक जॅकवर घेऊन ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा, मग जेमतेम मोकळे होईल इतकेच मागे घ्या. पेडल दोनदा जोरात दाबा म्हणजे शू आपापल्या जागी बसतील, आणि पुन्हा ॲडजस्ट करा. हवा त्यानंतरच काढा. आधी काढली तर ढिल्या शूमुळे पेडल खालीच राहते आणि मेस्त्री उगाच हवा शोधत बसतो. स्टेअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा क्रम ठेवा. हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी पेडल जिथपर्यंत कधी जात नाही त्या भागात सिलिंडर गंजलेला असतो. तिथून रबराची कड गेली की धडधाकट मास्टर सिलिंडर त्याच दिवशी पास व्हायला लागतो.

हे सगळे करूनही डिस्क हवेच असतील, तर काय काय बदलते ते आधी कागदावर मांडा. ड्रममधला लीडिंग शू, म्हणजे ड्रम फिरतो त्याच दिशेने उघडणारा शू, चाकाच्या फिरण्यामुळे स्वतःच आणखी दाबला जातो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. म्हणून तीच पायाची ताकद लावून गाडी कमी थांबते आणि लोक म्हणतात, 'डिस्क टाकून फरक पडला नाही.' दाबाचा हिशेब असा. पायाने ३० किलो लावले आणि पेडलची तरफ पाचपट धरली, तर मास्टर सिलिंडरवर १५० किलो येतात. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी असेल तर क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंमी आणि लाइनीतला दाब सुमारे ५३ किलो प्रति चौ. सेंमी. बोअर २२.२ मिमी असेल तर तोच पाय फक्त ३८–३९ चा दाब देतो. तीन मिमीच्या फरकात चौथा हिस्सा दाब गेला. उलट बाजूने, बोअर लहान केला की पेडलचा प्रवास वाढतो. त्यामुळे डिस्क, मास्टर सिलिंडर आणि सर्व्हो (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाच्या जोराला मदत करणारे यंत्र) हे तिन्ही एकत्र ठरवायचे असतात. भंगारातून कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जोडी आणून ते ठरत नाही.

मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठी एक छोटा व्हॉल्व्ह असू शकतो, जो लाइनीत साधारण ८ ते १० पीएसआय दाब धरून ठेवतो. डिस्कच्या लाइनीत तो राहिला तर पॅड कायम घासत राहतात. कॅलिपरचा ब्रॅकेट एकसंध जाड प्लेटचा हवा, पट्ट्या वेल्ड करून जोडलेला नको, बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच. डिस्क बसवल्यावर डायल गेज लावून फिरवा, डगमग ०.१ मिमीच्या आत हवी. चाक लावून कॅलिपर आणि रिम यांत किमान ३ मिमी मोकळी जागा आहे का पाहा. डिस्कची टोपी हब आणि चाकाच्या मध्ये येते, त्यामुळे चाक तेवढे बाहेर सरकते. खड्ड्यात स्टेअरिंगला बसणारा झटका वाढतो आणि बाहेरच्या बेअरिंगवर ताण येतो. शेवटी मागची चाके. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येते, मागचे चाक हलके होते. सर्व्होमुळे मागचा दाबही वाढला असेल तर मागची चाके आधी अडकतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते. मागच्या लाइनीत दाब कमी करणारा ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह लावा आणि मोकळ्या ओल्या मैदानात ३० च्या वेगाला तपासा. पुढची चाके आधी अडकली पाहिजेत.

कसारा घाट उतरताना निम्म्यावर ब्रेक गळतात, खाली थांबून अर्धा तास गेला की परत ठीक. कोणते ब्रेक ऑइल वापरू? – एक वाचक, नाशिक

गळतात म्हणजे नेमके काय होते, त्यावर उत्तर आहे. पेडल घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, असे असेल तर लायनिंग तापून पकड सोडते आहे. ऑइल बदलून काही होणार नाही. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळले आहे आणि लाइनीत वाफ झाली आहे.

डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी. ताजे डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळते, पाणी शोषलेले १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. हे किमान आकडे आहेत, चांगले ऑइल थोडे वर जाते. म्हणजे तीन पावसाळे खाल्लेले डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षा कितीतरी कच्चे. डॉट ४ टाका आणि दोन वर्षांनी, कोकणात किंवा गाडी बहुतेक उभीच असेल तर दरवर्षी, पूर्ण बदला. अर्धवट उरलेला डबा वर्षभर कपाटात ठेवून वापरू नका. झाकण लावलेले असले तरी त्याने हवेतली ओल घेतलेली असते. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचे नाही. डॉट ५.१ हे नाव सारखे दिसते, पण ते डॉट ४ च्या घराण्यातले आहे.

आणि घाट ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. ड्रमला थंड व्हायला मधला तो सोडलेला वेळच मिळतो.

आठ-दहा किलोमीटर गेल्यावर ब्रेक आपोआप धरायला लागतात, गाडी ओढत नाही. थंड झाली की मोकळी. – एक वाचक, डोंबिवली

पुढच्या वेळी धरले की लगेच बाजूला घ्या आणि धरलेल्या चाकाचा ब्लीडिंगचा निपल किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब अडकला आहे. चाक तसेच घट्ट राहिले तर दोष यांत्रिक : स्प्रिंग तुटली, शू अडकला किंवा हँडब्रेकची केबल गंजली.

दाब अडकला असेल तर निपल बंद करा, पुन्हा धरू द्या, आणि या वेळी मास्टर सिलिंडरवरचा पाइप सैल करा. तिथे मोकळे झाले तर होज ठीक, दोष मास्टरकडे. तिथे काही झाले नाही आणि चाकाशीच मोकळे होते, तर त्या चाकाचा रबरी होज आतून सुजला आहे. पाय जोर लावून ऑइल पुढे ढकलतो, पण शूच्या स्प्रिंगना ते परत ढकलता येत नाही. होज बाहेरून नवाकोरा दिसतो, त्यावर जाऊ नका.

चारही चाके एकदम धरत असतील तर नव्वद टक्के वेळा, आणि हा अंदाज आहे, पेडल आणि मास्टर सिलिंडर यांमधल्या दांड्याला मोकळीक उरलेली नसते. मास्टरच्या आत एक बारीक भोक असते. पाय काढला की तापून फुगलेले ऑइल त्यातून टाकीत परत जाते. दांडा पिस्टनला जरा जरी पुढे दाबून ठेवत असेल तर रबराची कड त्या भोकावर येते आणि ते बंद होते. ऑइल तापते, फुगते, जायला जागा नाही, शू धरतात, अजून तापतात. दांड्यात साधारण १ मिमी मोकळीक ठेवा. पेडलला बोट लावल्यावर आधी मोकळे हलले पाहिजे, मग पिस्टन लागला पाहिजे. मास्टर सिलिंडर नुकताच बदलला असेल किंवा कुणी 'ब्रेक वर घेण्यासाठी' दांडा लांबवला असेल, तर इथूनच सुरुवात करा.

पद्मिनी दोन इंच खाली घेऊन रुंद अलॉय लावायचे आहेत. पुढच्या स्प्रिंगा कापल्या तर चालेल का? – एक वाचक, पुणे

पद्मिनीला पुढे दोन आडवे हात आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ ॲक्सल आणि पाटे आहेत. मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे आजच्या हिशेबाने सडपातळच.

स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. काम करणारी वेटोळी ८ असतील आणि तुम्ही दीड कापलेत, तर स्प्रिंग सुमारे २३ टक्के कडक झाली. ते एकवेळ चाललेही असते. पण त्याच वेळी खालच्या हातापासून रबरी बंपपर्यंतचे अंतर कमी झाले. पुण्यातल्या गतिरोधकावर तो हात सरळ बंपवर आपटणार आणि तो धक्का शेवटी बॉडीत जाणार. जुन्या गाडीत तिथला पत्रा आधीच गंजलेला असतो. शॉकअप आपल्या प्रवासाच्या तळाजवळ काम करू लागतो आणि लवकर जातो. चाकांचा कॅम्बर (उभ्या रेषेपासूनचा कल) बदलतो. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे तर नकोच : पोलादाचे टेंपर जाते आणि ती बसत बसत एक दिवस तुटते.

खाली घ्यायचीच असेल तर एक इंचावर थांबा. त्याच जाडीच्या तारेची, मोकळी लांबी कमी असलेली जोडी स्प्रिंग बनवणाऱ्याकडून करून घ्या आणि नंतर अलाइनमेंट करा. अलॉय घेताना नुसते भोकांचे माप जुळून भागत नाही. चाकाच्या मधले भोक हबवर बसले पाहिजे आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचे अंतर) मूळ रिमच्या जवळ हवा. स्टेअरिंग पूर्ण वळवून, मागच्या सीटवर तीन माणसे बसवून मडगार्डशी अंतर पाहा.

रूप बाजूला ठेवून गाडी वळणावर नीट बसावी एवढीच इच्छा असेल, तर क्रम वेगळा. आधी सगळे रबरी बुश, त्यातही अँटी-रोल बारचे, मग चार चांगले शॉकअप, मग १५५/८० आर १४ मापाचे रेडियल. मूळ रिमची रुंदी मोजून टायरवाल्याला सांगा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष; '२२२४' म्हणजे २०२४ चा बाविसावा आठवडा. रेडियल फक्त पुढे आणि जुने क्रॉसप्लाय मागे असे कधीच लावू नका, वळणावर मागची बाजू आधी सुटते. रेडियल लावल्यावर टो-इन (पुढची चाके समोरून किती आत वळलेली ते माप) जुन्या आकड्यापेक्षा कमी लागतो, साधारण शून्य ते २ मिमी. हे सगळे झाले आणि तरी स्प्रिंग बदलावीशी वाटली तर बदला. बऱ्याच जणांना मग वाटत नाही.

मागचे पाटे बसले आहेत. एक जादा पाटा घालून घेऊ का? – एक वाचक, कोल्हापूर

गाडीत नेहमी माल असेल तर घाला. माणसांसाठी असेल तर नको. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो : ६ मिमीऐवजी ७ मिमीचा पाटा म्हणजे त्या पाट्यापुरता सुमारे ५९ टक्के कडकपणा जास्त. रिकामी गाडी खड्ड्यावर उडते, मागचे चाक जमीन सोडते, आणि मग ब्रेक कमी पडतात अशी वेगळी तक्रार घेऊन माणूस गॅरेजला जातो.

पाटे थंडच ठोकून कमान वाढवून मिळते. स्वस्त पडते आणि काही महिन्यांत पुन्हा बसते. तापवून, कमान देऊन, पुन्हा टेंपर करून देणाऱ्याकडेच द्या. दोन्ही बाजूंचा जुडगा एकदम करा. जोडताना प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने साफ करून मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस द्या, सेंटर बोल्ट नवा टाका. सेंटर बोल्ट तुटतो तो स्वतःच्या दोषाने क्वचितच. यू-बोल्ट ढिले असतात आणि ॲक्सलचा सगळा सरकता जोर त्या एका बोल्टवर येतो. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा कसा.

एक गोष्ट मात्र मेस्त्रीच्या शेजारी उभे राहून पाहा. शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) आणि पाट्याच्या डोळ्याचे रबरी बुश असतील तर त्यांचे नट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच पूर्ण कसायचे. चाके लोंबकळत असताना कसले की रबर त्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली आली की ते कायमचे पिळलेले राहते आणि वर्षाच्या आत फाटते. पुढच्या हातांच्या रबरी बुशनाही हाच नियम. गाडी रॅम्पवर असताना सगळे कसून टाकणे सोपे असते, म्हणून तसेच केले जाते.

पुढचे चाक हलवले की खटखट होते. एक जण बेअरिंग म्हणतो, दुसरा किंगपिन. – एक वाचक, रत्नागिरी

चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. आता कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटखट थांबली तर बेअरिंग : ब्रेकने ड्रम आणि मागची प्लेट एक झाली, बेअरिंगची ढिलाई झाकली गेली. थांबली नाही तर किंगपिन (ज्याभोवती पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते तो उभा पिन), त्याचा बुश किंवा हातांची टोके. बोट त्या त्या सांध्यावर ठेवलेत की कोणता ते कळेल.

किंगपिन बदलायचा तर बुश ठोकून बसवताना त्यातले ग्रीसचे भोक निपलच्या भोकासमोर आले पाहिजे. चुकले तर निपल ग्रीस घेत नाही आणि नवा पिन कोरडा चालून काही महिन्यांत जातो. वरचा आणि खालचा बुश एका लांब रीमरने एका रेषेत रीम करायचा. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून मोठा केलेला बुश म्हणजे रीम केलेला बुश नव्हे. पिन अंगठ्याच्या दाबाने सरकला पाहिजे. हातोडा लागत असेल तर स्टेअरिंग जड होऊन बसेल. पुढे ग्रीस देताना चाक उचलून द्या, नाहीतर वजनाखाली दबलेल्या बाजूला ते पोचत नाही. पावसाळ्यात जुने, पांढुरके झालेले ग्रीस बाहेर पडून स्वच्छ दिसू लागेपर्यंत गन चालवा.

महिंद्राची जुनी जीप. उंच दिसावी म्हणून पुढे लांब शॅकल टाकले. आता ५० च्या वेगाला खड्डा लागला की स्टेअरिंग दोन्ही बाजूंना थरथरते. – एक वाचक, सातारा

शॅकल परत जुने टाका.

कारण असे : सीजे, म्हणजे जुन्या विलिस जीपच्या घराण्यात पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब झाला की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, ॲक्सल पुढे झुकतो आणि किंगपिनचा मागे कललेला कोन, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. तो साधारण ३ अंश असायला हवा. चाक वळणानंतर स्वतःहून सरळ येते ते या कोनामुळे. कोन गेला आणि त्यात टाय रॉडचे टोक किंवा किंगपिनचे बेअरिंग ढिले असले, की एकदा सुरू झालेली थरथर वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. उंची ठेवायचीच असेल तर ॲक्सल आणि पाटे यांमध्ये पोलादी पाचर घालून कोन परत आणता येतो. किंगपिनचे वरचे टोक मागे झुकेल अशा बाजूने, आणि आधी कोन मोजून. पण जीप उंच झाली की ब्रेकचे होजही ताणले जातात. पुढचा ॲक्सल पूर्ण लोंबकळत ठेवून आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना वळवून होजला ढील उरते का ते पाहा. उरत नसेल तर आज गाडी काढू नका.

ॲम्बेसेडरला दुहेरी मास्टर सिलिंडर आणि सर्व्हो बसवायचा आहे. आधी काय? – एक वाचक, ठाणे

दुहेरी मास्टर. सर्व्हो पायाला आराम देतो, दुहेरी मास्टर जीव वाचवतो. जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट असते. एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. दुहेरीत पुढचे आणि मागचे वेगळे होतात. बोअर मूळ मास्टरइतकाच घ्या. जुन्या ॲम्बेसेडरप्रमाणे मास्टर पायाखाली जमिनीत असेल तर लांब दुहेरी सिलिंडर तिथे मावेल का ते आधी मोजा; आणि टाकीत ऑइल पाहायला वाकावे लागत असेल तर ते पाहिले जात नाही, हेही धरा.

खरा धोका आट्यांत आहे. गाडी मॉरिसच्या घराण्यातली, त्यामुळे ब्रेक पाइपच्या नटांना ३/८ इंच यूएनएफ आटे, इंचाला २४, मिळू शकतात. आजच्या मास्टर सिलिंडरला बहुधा एम १० × १. जुना नट ९.५ मिमीचा, तो नव्या भोकात जातो, थोडा घट्टही लागतो, हवा काढताना गळत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर मात्र आटे उपटून बाहेर येतो. थ्रेड गेज लावा. पाइपच्या टोकाची घडीही दोन तऱ्हेची असते, आत दुमडलेली आणि फुग्यासारखी. ज्या सिलिंडरला जी हवी तीच. पाइप ४.७५ मिमीचा पोलादी किंवा तांबे-निकेलचा घ्या, नुसत्या तांब्याचा नको. तो कंपनाने कडक होऊन चिरतो.

सर्व्हो नंतर. इंजिनाच्या मॅनिफोल्डवरून व्हॅक्यूम घ्या, मध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह हवाच. सर्व्हो लाइनीतला दाब वाढवतो, त्यामुळे वीस वर्षांचे होज आणि गंजलेले पाइप त्याआधी बदललेले असले पाहिजेत. सुटा सर्व्हो एकाच सर्किटपुरता असतो. दुहेरी मास्टर केल्यावर तो पुढच्या लाइनीत टाका.

१९६६ ची फियाट व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. ब्रेक सुधारले तर अडचण येईल का? – एक वाचक, म्हापसा

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको, असे नियमात म्हटले आहे. ब्रेकचा नावाने उल्लेख नाही. तरी मोटार वाहन कायद्याचे गाडीतल्या बदलांबाबतचे कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत असे सांगितले आहे. नवे लायनिंग, स्लीव्ह घातलेले सिलिंडर, नवे पाइप, डॉट ४ ही दुरुस्ती आहे, बिनधास्त करा. डिस्क आणि अलॉय नोंदणीच्या आधी लावू नका. दुहेरी मास्टरसाठी आरटीओत आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभालीसाठीच रस्त्यावर आणायची आहे. मग तिला डिस्कची गरज किती, तेही त्याच वेळी ठरवा.